पाणी बर्फाशी बोलते का?

वाचकाचे पत्र : मी पुण्यात वडगाव शेरीला राहते आणि आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये गेली चार वर्षे आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा हे एकच देव आहेत या शिकवणीचा, पाठ होता. मी नेहमीप्रमाणे पाणी, बर्फ आणि वाफ यांचे उदाहरण दिले. वस्तू एकच, रूपे तीन. तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलाने हात वर करून विचारले, "टीचर, मग गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशू कोणाशी बोलत होता? पाणी बर्फाशी बोलतं का?" बाकीची मुले हसली. मला उत्तर सुचले नाही. "हे गूढ आहे, मोठा झालास की कळेल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या रात्रीपासून तो प्रश्न माझाच झाला आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "अगं, आमच्या दत्तासारखंच आहे की!" तेही मला धड खोडता आले नाही आणि मान्यही करता आले नाही. जे मलाच समजत नाही ते मी मुलांना शिकवावे का? वर्ग सोडून द्यावा असे वाटू लागले आहे. – एक शिक्षिका

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

वर्ग सोडू नका. हे सर्वांत आधी लिहून टाकतो, कारण तुमचे पत्र वाचताना मला काळजी वाटली ती त्या मुलाच्या प्रश्नाची नव्हे, तर एका मन लावून शिकवणाऱ्या शिक्षिकेने नको त्या गोष्टीची लाज मनाला लावून घेतली याची. त्या मुलाने त्रैक्यावर बोट ठेवलेले नाही. त्याने पाण्याच्या उदाहरणावर बोट ठेवले आहे, आणि जिथे ते उदाहरण मोडते नेमक्या त्याच जागी ठेवले आहे.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये साबेल्लियस नावाचा एक शिक्षक होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी शिकवण अशी की देव एकच, तोच कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून आणि कधी पवित्र आत्मा म्हणून प्रकट होतो. नावे तीन, पण नावांच्या मागे कोणी तिघे नाहीत. ही शिकवण सोपी होती, देवाचे एकत्व राखणारी होती आणि अनेक भाविकांना ती पटतही होती. तरीही ख्रिस्ती मंडळीने ती नाकारली. त्याच सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे तर्तुल्लियन या लेखकाने प्राक्सियस नावाच्या अशाच मताच्या शिक्षकाविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि त्याचा सारा भर यावर आहे की शास्त्रात पिता पुत्राशी बोलतो, पुत्र पित्याशी बोलतो, एक पाठवतो आणि दुसरा पाठवला जातो. हे सगळे एकट्याचे स्वगत मानले तर शुभवर्तमानाला अर्थच उरत नाही. तुमच्या वर्गातील मुलाने हे काही वाचलेले नाही, पण त्याचा प्रश्न तोच आहे. पाणी बर्फाशी बोलत नाही. पुत्र मात्र पित्याशी बोलतो. म्हणून पाण्याचे उदाहरण हे त्रैक्याचे उदाहरण नसून, मंडळीने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी विचारपूर्वक बाजूला ठेवलेल्या मताचे उदाहरण आहे.

मीही तरुणपणी कित्येक वर्षे हेच उदाहरण देत होतो. माझ्या वर्गात कोणी हात वर केला नाही, आणि त्याचे मला आज वाईट वाटते, कारण मुले गप्प राहिली म्हणजे त्यांना समजले असे मी धरून चाललो. "एकच माणूस घरी बाप, बायकोचा नवरा आणि कचेरीत साहेब असतो" हे उदाहरणही त्याच घरचे आहे. घरातला बाप कचेरीतल्या साहेबाजवळ प्रार्थना करीत नाही. तीन पानांच्या एका डहाळीचे किंवा अंड्याच्या टरफलाचे, पांढऱ्याचे आणि पिवळ्याचे उदाहरण घेतले तर उलट बाजूने घसरण होते, कारण पांढरे म्हणजे अंड्याचा एक भाग, पूर्ण अंडे नव्हे, आणि पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा आहे असे कोणत्याही ख्रिस्ती मंडळीने कधी म्हटलेले नाही. तुमच्या वर्गात पुढे कोणी विज्ञानाचा हुशार विद्यार्थी ट्रिपल पॉइंट काढील आणि सांगेल की एका विशिष्ट तापमानाला आणि दाबाला पाणी, बर्फ आणि वाफ एकाच भांड्यात एकत्र राहतात. ते खरे आहे. पण त्या भांड्यातही बर्फ झालेले कण वेगळे आणि वाफ झालेले वेगळे असतात, आणि ती तिन्ही एकमेकांवर प्रीती करीत नाहीत.

हा प्रीतीचा मुद्दा आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. आपल्या मराठीत "एक" आणि "एकटा" असे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातले अंतर पहिलीतल्या मुलालाही कळते. त्रैक्याची शिकवण थोडक्यात अशी आहे की देव एक आहे, पण तो एकटा नाही. जग घडवल्यानंतर त्याला सोबत मिळाली असेही नाही. जगाच्या आधीही तो एकटा नव्हता. योहानाच्या पहिल्या पत्रात "देव प्रीती आहे" असे वाक्य आहे. त्यात "देव प्रीती करतो" असे म्हटलेले नाही, "प्रीती आहे" असे म्हटले आहे. प्रीतीला दुसरा कोणी लागतो. देव जर अनादिकाळ एकटाच असता तर जग निर्माण होईपर्यंत तो प्रीती करणारा कसा असता? बाराव्या शतकात पॅरिसच्या संत व्हिक्टर मठातील रिचर्ड या संन्याशाने याच प्रश्नावर आपला त्रैक्यविचार उभा केला. मुलांना रिचर्डचे नाव सांगण्याची गरज नाही, पण "एक, पण एकटा नाही" हे शब्द त्यांना द्या. पाणी आणि बर्फ जे करू शकत नाहीत ते हे दोन शब्द करतात.

आता हे कोठून आले ते पाहू, कारण पुष्कळांचा असा समज असतो की कोणा धर्मपंडितांनी बंद खोलीत बसून हे गणित तयार केले. येशूचे पहिले शिष्य यहूदी होते. "हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे" हे बायबलच्या जुन्या करारातील "अनुवाद" नावाच्या पुस्तकातले वचन धार्मिक यहूदी आजही सकाळ-संध्याकाळ म्हणतो. आपल्या कॅम्पातील लाल देवळात, म्हणजे १८६७ साली बांधलेल्या सिनेगॉगमध्येही उपासनेत तेच म्हटले जाते. येशूला "सर्वांत मोठी आज्ञा कोणती" असे विचारले तेव्हा त्यानेही उत्तराची सुरुवात याच वचनाने केली, हे मार्काच्या शुभवर्तमानात नोंदलेले आहे. दोन देव मानण्याची कल्पनाही ज्यांना सहन झाली नसती अशी ही माणसे होती. तरीही क्रुसाच्या घटनेनंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आतच, कोणतीही धर्मसभा भरण्याच्या कितीतरी आधी, प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा शेवट प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता असे म्हणून करतो. तुमच्या मंडळीत पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी हात उंचावून जे आशीर्वचन म्हणतात ते हेच. म्हणजे ख्रिस्ती माणसे आधी अशी प्रार्थना करू लागली आणि मग, "आपण हे काय म्हणत आहोत?" असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्रैक्याची शिकवण हे त्या प्रश्नाचे तीनशे वर्षे चाललेले उत्तर आहे. "त्रैक्य" हा शब्द बायबलमध्ये नाही हे कोणी तुम्हाला सांगेल तर निःसंकोच मान्य करा. लॅटिनमध्ये तो शब्द तर्तुल्लियनने रूढ केला. ज्याला तो शब्द दिला ते मात्र आधीपासून होते.

पुढच्या वेळी तुमच्या मंडळीत बालकाचा बाप्तिस्मा असेल तेव्हा मुलांना पुढच्या बाकावर बसवा. मी अलीकडेच एक बाप्तिस्मा अगदी जवळून पाहिला. पाळकांनी बाळाचे डोके डाव्या तळहातावर पेलले होते आणि उजव्या ओंजळीतून त्याच्या विरळ जावळावर पाणी सोडले. "पित्याच्या", पहिली ओंजळ, "पुत्राच्या", दुसरी, "आणि पवित्र आत्म्याच्या", तिसरी, आणि मग शेवटचा शब्द "नावाने". पाणी कानामागून ओघळले तसे बाळ रडू लागले आणि आईने पदराने त्याची मान टिपली. पाणी तीनदा पडले, पण शब्द "नावाने" होता, "नावांनी" नव्हता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील या आज्ञेत मूळ ग्रीक शब्दही एकवचनीच आहे. तीनदा पाणी ओतण्याची सूचना मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळातील "डिडाखे" या ग्रीक पुस्तिकेत सापडते. दहा वर्षांच्या मुलाला एकवचन आणि अनेकवचन शाळेत शिकवलेले असते. त्याला विचारा : तिघांची नावे घेतली, मग "नावांनी" का म्हटले नाही? त्याला उत्तर लगेच येणार नाही, आणि यायला नकोच. पण प्रश्न कोठे आहे ते त्याला दिसेल.

असेच दुसरे वाक्य योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे : "मी आणि पिता एक आहोत." मराठीत हे वाक्य फार चांगले उतरले आहे. "एक आहे" असे नाही, "एक आहोत" असे आहे. साबेल्लियसची अडचण "आहोत" या शब्दापाशी होते, कारण एकटा माणूस स्वतःबद्दल "आहोत" म्हणत नाही. आणि ज्याच्याबद्दल आता लिहिणार आहे त्या आरियसची अडचण "एक" या शब्दापाशी होते. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने हे पाचव्या शतकात लॅटिन शब्दांवरून दाखवून दिले होते, आणि आपल्याला ते आपल्याच व्याकरणातून दिसते याचा मला आनंद वाटतो.

आरियस हा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरातला धर्मगुरू. त्याला देवाच्या एकत्वाची चिंता होती, आणि ती खरी चिंता होती. त्याने सांगितले की पुत्र थोर आहे, सर्व सृष्टीच्या आधीचा आहे, पण तोही घडवलेला आहे. तो नव्हता असा एक काळ होता. या वादाने पूर्वेकडच्या मंडळ्या इतक्या दुभंगल्या की सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ साली नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, बिशपांची सभा बोलावली. तिथे जो मतांगीकार, म्हणजे विश्वासाचे ठरीव निवेदन, ठरला त्यात पुत्राविषयी "प्रकाशापासून प्रकाश, सत्य देवापासून सत्य देव, जन्मलेला, निर्मिलेला नव्हे" असे शब्द आहेत, आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे म्हटले आहे. तुम्ही प्रभुभोजनाच्या रविवारी हे शब्द म्हणता. ते म्हणताना "जन्मलेला, निर्मिलेला नव्हे" यावर एकदा थांबून पाहा. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातील कुंभार चाकावर मडके घडवतो आणि त्याच्या घरी मुलगाही जन्मतो. मडके कितीही सुबक झाले तरी ते कुंभार नसते, मातीच असते. मुलगा मात्र बाप जे आहे तेच असतो, म्हणजे माणूस. घडवलेली वस्तू घडवणाऱ्याहून वेगळ्या जातीची असते, जन्मलेला मुलगा जन्म देणाऱ्याच्याच जातीचा असतो. नायसियाच्या सभेला म्हणायचे होते ते एवढेच. हे उदाहरणही एका जागी मोडते आणि ती जागा मुलांना आपणहून सांगून टाका : कुंभाराचा मुलगा कुंभारानंतर येतो, आणि दोघे मिळून दोन माणसे होतात. देवाच्या ठायी "आधी" आणि "नंतर" नाही, आणि पिता व पुत्र मिळून दोन देव होत नाहीत. उदाहरण द्यावे, पण ते कोठपर्यंत चालते त्याची खूण दाखवूनच द्यावे. तुमची चूक झाली असेल तर ती ही खूण न दाखवण्याची.

नायसियाने वाद मिटला नाही. अथनेशियस या अलेक्झांड्रियाच्या बिशपाला या मतासाठी पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. पवित्र आत्म्याविषयीचा प्रश्न तर ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेपर्यंत उघडाच होता. त्या काळात कप्पदुकिया या आजच्या तुर्कस्तानातील प्रांताच्या तिघांनी, म्हणजे बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी, "देव काय आहे" आणि "देव कोण आहे" या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळे ग्रीक शब्द पक्के केले. काय आहे? एक देव. कोण आहे? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. "एक" आणि "तीन" ही उत्तरे एकाच प्रश्नाची असती तर तो नुसता विरोधाभास झाला असता. ती दोन प्रश्नांची उत्तरे आहेत. तुम्हाला कोणी "एक अधिक एक अधिक एक म्हणजे एक कसे?" असे विचारील तेव्हा हे ध्यानात असू द्या.

आपल्यापुढे मात्र एक खास मराठी अडचण आहे. या "कोण"साठी आपण "व्यक्ती" हा शब्द वापरतो, आणि रोजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे स्वतःचे आधारकार्ड असलेला स्वतंत्र माणूस. "तीन व्यक्ती" म्हटले की डोळ्यांसमोर तीन खुर्च्यांवर बसलेले तिघे जण उभे राहतात. याच शब्दाचा जुना संस्कृत अर्थ "प्रकट होणे" असा आहे. तो धरला तर तीन प्रकट रूपे होतात आणि आपण पुन्हा पाण्या-बर्फाकडे जातो. शब्द वापरू नका असे मी म्हणत नाही, दुसरा अधिक चांगला मला सापडलेला नाही. ऑगस्टीननेही त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात मान्य केले आहे की आपण "तीन व्यक्ती" म्हणतो ते त्या शब्दाने सारे सांगून होते म्हणून नव्हे, तर अगदीच गप्प राहता येत नाही म्हणून. मुलांच्या वर्गात मी "व्यक्ती" हा शब्द टाळतो आणि फक्त पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे म्हणतो.

तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्याकडे वळतो. तिने जे म्हटले ते आपुलकीने म्हटले आहे. बुधवार पेठेतील दत्तमंदिरासमोरून गुरुवारी जाणाऱ्या कोणाही पुणेकराच्या मनात तीन आणि एक यांची सांगड दत्ताच्या रूपानेच बसलेली असते, आणि "त्रिगुणात्मक त्रैमूर्ती" हे शब्द त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात. तेव्हा "छे, आमचे वेगळे" असे तोडून बोलू नका. तिला सांगा की तीन आणि एक यांचा विचार दोन्हीकडे आहे, पण मांडणी निराळी आहे. त्रिमूर्तीच्या रूढ मांडणीत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्ये तिघांकडे वाटलेली आहेत. ख्रिस्ती शिकवणीत कामाची वाटणी नाही : पिता निर्माण करतो, पण योहान सांगतो की सर्व काही शब्दाच्या द्वारे, म्हणजे पुत्राच्या द्वारे झाले, आणि उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाचा आत्मा जलांवर आहे. तिघांत फरक आहे तो कामाचा नव्हे, नात्याचा. पिता तो पुत्राचा पिता म्हणून पिता. पुत्र तो पित्यापासून जन्मलेला म्हणून पुत्र. तिच्या परंपरेतूनच अधिक जवळचा शब्द हवा असेल तर ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने १८९८ साली रचलेल्या संस्कृत स्तोत्रात तो आहे : सच्चिदानंद. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पित्याचे स्वतःविषयीचे ज्ञान असलेला शब्द, आनंद म्हणजे आत्मा. हे स्तोत्र मला मनापासून प्रिय आहे. तरीही सत्, चित् आणि आनंद एकमेकांना हाक मारीत नाहीत, आणि गेथशेमानेमध्ये हाक आहे.

तुम्ही शंकेविषयीही लिहिले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी ज्यांच्या आश्रयाने त्या तिथे राहत होत्या त्या धर्मभगिनींशी पत्रांतून जे वाद घातले त्यांत त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व हे मुख्य विषय होते. त्या विचारीत राहिल्या, बायबल स्वतः वाचून ठरवीन असे म्हणत राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नकोत, असेही त्यांनी विचारले. पुढे याच बाईंनी पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांना प्रश्न पडला म्हणून त्यांनी दार लावून घेतले नाही, आणि एका प्रश्नावरून तुम्ही वर्ग सोडावा असेही मला वाटत नाही.

"हे गूढ आहे" या उत्तराबद्दल मात्र माझे मत थोडे कठोर आहे. त्रैक्य गूढ आहे हे खरेच आहे. नाझियान्झसच्या ग्रेगरीने लिहिले आहे की एकाचा विचार मनात येतो न येतो तोच तिघांचे तेज त्याला वेढते, आणि तिघांना वेगळे ओळखू जावे तोच तो पुन्हा एकाकडे ओढला जातो. पण हे त्याने आयुष्यभर विचार केल्यावर म्हटले. गूढ हा शब्द पुष्कळ चालून आल्यानंतर वापरायचा असतो; उंबऱ्यावरच वापरला तर मुलाला वाटते की आत काहीच नाही, किंवा आत जायला बंदी आहे.

एक खबरदारीही सांगून ठेवतो. त्रैक्याचा पुरावा म्हणून काही जण जुन्या इंग्रजी बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले "स्वर्गात साक्ष देणारे तिघे" हे वाक्य दाखवतात. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध करणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने ते आपल्या पहिल्या दोन आवृत्त्यांत घेतले नव्हते, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले. त्या वाक्यावर काही बांधू नका. आणि वर्गात कोणी मल्याळी ऑर्थोडॉक्स घरातले मूल असेल आणि त्याच्या मतांगीकारात आत्मा "पित्यापासून" निघतो एवढेच असेल, आपल्यासारखे "आणि पुत्रापासून" नसेल, तर त्याला चूक म्हणू नका. मूळ मतांगीकार तसाच आहे.

आता येत्या रविवारी काय करावे. वर्ग सुरू होताच, सर्वांच्या देखत, त्या मुलाला सांगा की त्याचा प्रश्न बरोबर होता आणि पाण्याचे उदाहरण चुकीचे होते. हे एक वाक्य तुम्हाला जड जाईल, पण ज्या मुलांनी त्याला हसले त्यांनी ते ऐकायला हवे. मग मत्तयाचा तिसरा अध्याय उघडा : पुत्र यार्देन नदीच्या पाण्यातून वर येत आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे, आणि आकाशातून पित्याची वाणी येत आहे, सारे एकाच वेळी. नंतर मार्काचा चौदावा अध्याय उघडून "अब्बा, बापा" ही हाक त्या मुलालाच मोठ्याने वाचू द्या. अब्बा हा येशूच्या घरच्या बोलीतला शब्द आहे. येशू माणूस होता म्हणून त्याने माणसासारखी, घाबरलेल्या मनाने प्रार्थना केली; पण ज्या नात्याने त्याने हाक मारली ते नाते त्या रात्री सुरू झालेले नव्हते, ते जगाच्या आधीचे आहे. शेवटी गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय, सहावे वचन वाचा. तिथे तीच हाक पुन्हा येते, पण या वेळी पुत्राचा आत्मा आपल्या अंतःकरणात राहून "अब्बा, बापा" अशी हाक मारतो असे पौल म्हणतो. मग मुलांना विचारा की रात्री झोपण्यापूर्वी ती प्रार्थना करतात तेव्हा कोणाशी बोलतात, कोणाच्या नावाने बोलतात, आणि बोलावेसे वाटले ते कोणामुळे. उत्तरे फळ्यावर लिहू नका, तोंडीच घ्या, आणि कोणाचे उत्तर वेडेवाकडे आले तरी लगेच दुरुस्त करू नका.

तो मुलगा या तासानंतरही काहीतरी विचारीलच. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा आणि मला अवश्य कळवा.

आपला,
सदर लेखक